दारू सोडायचीय, पण ग्रुप कुठे शोधू? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शेवटचा प्यायलो त्याला आता ११ वर्षं झाली. आमच्या एए ग्रुपचा, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या ग्रुपचा, मदतीचा फोन आठवड्यातले तीन दिवस माझ्याकडे असतो. खालचे प्रश्न त्या फोनवर पुन्हा पुन्हा येणारे आहेत. काही स्वतः पिणाऱ्यांचे, पण निम्म्याहून जास्त बायकांचे, आयांचे आणि बहिणींचे. माझं नाव इथे नाही, कारण जाहीर लिखाणात नाव न देण्याची आमच्याकडे परंपरा आहे. मी एएचा अधिकृत प्रवक्ताही नाही. जे अनुभवलं आणि पाहिलं, ते लिहितोय.

माझ्या जवळचा ग्रुप नेमका कसा शोधायचा?

इंटरनेटवर एए इंडियाची साइट आहे. तिथे शहराप्रमाणे मिटिंगांची यादी आणि मदतीचे फोन मिळतात. मुंबईत एए १९५७ पासून आहे. त्यामुळे मुंबई, ठाणे, वसई, पुणे या पट्ट्यात ग्रुप भरपूर आहेत. बहुतेक मिटिंगा शाळेच्या वर्गात, चर्चच्या मागच्या खोलीत, देवळाच्या सभागृहात किंवा दवाखान्यात भरतात. दारावर छोटी पाटी असते, वर्तुळात त्रिकोण आणि त्यात 'एए'.

इंटरनेटची सवय नसेल तर १४४४६ लावा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा हा मोफत क्रमांक आहे. मन फार बिघडलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६, म्हणजे टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येतं.

तिसरी वाट फार कमी लोकांना माहीत असते. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते. मोठ्या सरकारी दवाखान्यांत 'समाजसेवा अधीक्षक' असं पद असतं. त्या टेबलाशी जाऊन सरळ विचारा, "दारू सोडलेल्यांची मिटिंग इथे जवळपास कुठे भरते?" आमच्या ग्रुपमध्ये आलेल्यांपैकी कितीतरी जण याच टेबलावरून आले.

पत्ता सापडला. मग थेट गेलं तर चालेल ना?

चालेल, पण आधी फोन करा. हे मी इतकं आग्रहाने का सांगतो ते ऐका.

मी पहिल्यांदा मिटिंग शोधली तेव्हा एका कागदावर पत्ता लिहून घेतला होता. महापालिकेची शाळा, दुसरा मजला, संध्याकाळी सात. तो अख्खा दिवस मी प्यायलो नव्हतो. हात थरथरत होते म्हणून शर्टाची बटणं बायकोने लावून दिली. शाळेपाशी पोचलो तर फाटकाला साखळी आणि कुलूप. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती आणि मिटिंग तेवढ्यापुरती दुसरीकडे भरत होती. मला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मी त्या फाटकाला धरून दहा मिनिटं उभा होतो. मग वळलो आणि कोपऱ्यावरच्या परमिट रूममध्ये जाऊन बसलो. पुन्हा मिटिंगला जायला मला सात महिने लागले.

दुसऱ्या खेपेला मी आधी फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "एसटी स्टँडच्या बाहेर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे, तिथे थांबा, मी घ्यायला येतो." तो आला. त्याच्या हातात डबा होता, कामावरून परस्पर आला होता. त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. रस्ता ओलांडताना फक्त कोपराला हात लावला.

म्हणून फोनवर एवढं विचारा: मिटिंग आज आहे ना, किती वाजता, कुठल्या भाषेत, आणि मला कुणी घ्यायला येईल का. शेवटचा प्रश्न विचारायला अजिबात लाजू नका. नव्या माणसाला आणायला जाणं हा आमच्या स्वतःच्या बरं राहण्याचाच भाग आहे.

दोन-तीन ग्रुप दिसतायत. कुठला निवडू?

लोक विचारतात, सगळ्यात जवळचा कुठला? मी उलट विचारतो, तुमची प्यायची वेळ कुठली?

माझी वेळ संध्याकाळी सातची होती. साडेसहाला कंपनीची बस सोडायची, पावणेसातला कोपरा आणि सातला पहिला घोट. घराशेजारी एक ग्रुप होता, पण तो रविवारी सकाळी भरायचा. रविवारी सकाळी मी तसाही पीत नव्हतो. दोन बस बदलून जावं लागणारा ग्रुप मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सातला भरायचा. मी तो धरला. पावणेसातला मी बसमध्ये असायचो, सातला खुर्चीत आणि साडेआठला मिटिंग सुटायची. चहा पिऊन घरी पोचेपर्यंत दहा वाजायचे. तोवर ती वेळ टळलेली असायची. पहिले तीन महिने मी बारा पायऱ्यांमुळे, म्हणजे दारू सोडण्याच्या एएच्या बारा टप्प्यांमुळे, टिकलो की त्या दोन बसमुळे, हे मला आजही सांगता येणार नाही.

सकाळी उठल्या उठल्या लागणारे असतात, त्यांनी सकाळची मिटिंग शोधावी. रात्रपाळीवाल्यांनी दुपारची किंवा ऑनलाइन. पगाराचा दिवस, गटारी, थर्टी फर्स्ट आणि धुळवड हे तुमचे अवघड दिवस असतील, तर त्या दिवशी मिटिंग आहे का ते आठवडाभर आधी विचारून ठेवा.

आणि एका मिटिंगवरून ठरवू नका. पाच-सहा मिटिंगा करा, दोन वेगळे ग्रुप बघा. काही ग्रुपांत कामगार जास्त असतात, काहींत इंग्रजी बोलणारे, काही ठिकाणी फक्त पाच म्हातारे. आपली गोष्ट कुणाच्या तोंडून ऐकू येते ते बघा.

मिटिंगमध्ये होतं तरी काय?

खुर्च्या मांडलेल्या असतात, शाळा असेल तर मुलांचे बाक. सुरुवातीला प्रार्थना आणि थोडं वाचन. मग एकेक जण बोलतो, "मी अमुक, मी मद्यपी." सगळे त्याला नावाने नमस्कार करतात. तो पाच-दहा मिनिटं आपलं सांगतो, काय होतं, काय घडलं, आता कसं आहे. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. तास-दीड तासात संपतं, मग चहा.

तुम्हाला बोलायची सक्ती नसते. "मी आज फक्त ऐकणार आहे" एवढं म्हटलं की पुरतं. मी पहिल्या चार मिटिंगांत तेवढंच म्हणालो.

क्लोज्ड मिटिंगला फक्त ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे तो बसतो. ओपन मिटिंगला बायको, भाऊ, मित्र, कुणीही येऊ शकतं. एकटं जायची भीती वाटत असेल तर पहिली मिटिंग ओपन शोधा.

तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर?

भेटेल. मला दुसऱ्याच मिटिंगला आमच्या आळीतला रिक्षावाला भेटला. मी दाराशीच थबकलो. तो उठला, शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "बसा, मीही त्याच कामाला आलोय." त्यानंतर गल्लीत आम्ही शंभर वेळा समोरासमोर आलो असू, पण चारचौघांत त्याने त्या खोलीचा विषय कधी काढला नाही.

इथे पाहिलं-ऐकलं ते इथेच ठेवायचं, हा नियम प्रत्येक मिटिंगमध्ये बोलून दाखवतात. आडनाव विचारत नाहीत. हजेरीपट, आधार कार्ड, फॉर्म काही नाही. आणि एक खरं सांगू का, ज्यांच्यापासून आपण लपवतोय असं वाटतं, त्या सगळ्यांना आपण पितो हे आधीच माहीत असतं.

आधी आठ दिवस पूर्ण बंद करतो आणि मग जातो. चालेल?

रोज भरपूर पीत असाल तर असं स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. यात जीव जाऊ शकतो, हे मी घाबरवायला म्हणत नाही. बंद केल्यावर काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही. अशा वेळी लिंबूपाणी पाजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि हॉस्पिटलात न्या. डॉक्टर त्रास आटोक्यात ठेवायची औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. आठवडाभरात बहुतेकांचं शरीर सावरतं. पूर्वी कधी फिट आली असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करूच नका.

आणि मिटिंगला यायला आधी दारू सुटलेली असावी लागते असं कुठेही नाही. अट एकच, सोडायची इच्छा.

पैसे किती लागतात?

काहीच नाही. शेवटी एक पिशवी किंवा टोपी फिरते, त्यात खोलीचं भाडं आणि चहा निघतो. दहा टाका, वीस टाका, नसतील तर पुढे सरकवा. बाहेरच्या कुणाची देणगी एए घेत नाही. एएच्या नावावर कुणी हजारो रुपये मागत असेल तर ते एए नाही.

मी देव मानत नाही. चालेल?

चालेल. पायऱ्यांमध्ये 'उच्च शक्ती' असा शब्द येतो आणि ती कुठली ते ज्याने त्याने ठरवायचं. आमच्यातल्या एकासाठी ती विठोबा आहे, एकासाठी बुद्धविचार आणि एक गृहस्थ पंधरा वर्षं म्हणतायत की त्यांच्यासाठी ती शक्ती म्हणजे समोर बसलेली ही वीस माणसं. मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत.

नवरा यायलाच तयार नाही. मी काय करू?

ताई, सगळ्यात जास्त फोन या प्रश्नाचे येतात आणि सगळ्यात अवघड उत्तरही याचंच आहे. त्याला ओढून आणता येत नाही. पण तुमच्यासाठी वेगळी खोली आहे, आणि तिथे तुम्ही आजच जाऊ शकता, तो येवो न येवो.

अल्-अनॉन हा पिणाऱ्यांच्या घरच्यांचा ग्रुप. १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झाला, आपल्याकडेही आहे. शाळकरी-कॉलेजच्या वयाच्या मुलांसाठी अलाटीन आहे. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात पिणाऱ्यांच्या बायकांचा 'सहचरी' हा गट आहे. मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या देणगीच्या बळावर सुरू केलं. व्यसन हा आजार आहे आणि घरचेही त्यात आजारी पडतात, ही समज महाराष्ट्रात घरोघरी पोचली त्यात मुक्तांगणचा वाटा फार मोठा आहे.

माझी बायको अल्-अनॉनला माझ्या आधी पाच महिने जात होती. मला वाटायचं भिशीला जाते. तिथे ती काय शिकली ते मला एका सोमवारी कळलं. तोवर दर सोमवारी ती माझ्या सुपरवायझरला फोन करायची, "यांना ताप आलाय." त्या सोमवारी तिने फोन माझ्या उशाशी ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "आज तुम्हीच करा." आणि ती पोरीला घेऊन शाळेत निघून गेली. भांडण नाही, रडणं नाही. मी त्या फोनकडे बघत किती वेळ पडलो होतो ते सांगता येत नाही. माझं सुटायला सुरुवात तिथे झाली असं मी मानतो.

मात्र मारहाण होत असेल तर ग्रुप नंतर. आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्या. महिलांचा मदत क्रमांक १८१, पोलिसांचा ११२.

'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' अशी पावडर मिळते. जेवणात मिसळू का?

नाही. कृपा करून नाही. एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि मोबाइलवर या जाहिराती सगळीकडे आहेत. पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. दारूची शिसारी आणणारं डायसल्फिराम नावाचं औषध खरोखर आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळतो, हृदयविकार असेल तर जिवावर बेततं. गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून डॉक्टर ते तपासण्या करून आणि माणसाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. ज्याला आपल्या पोटात ते औषध आहे हे माहीतच नाही, तो पिणारच.

डॉक्टरने दिलेली औषधं चालू ठेवून मिटिंगला येता येतं. ग्रुपमधल्या कुणी गोळ्या बंद करायला सांगितलं तर ऐकू नका. आम्ही डॉक्टर नाही.

एक व्यसनमुक्ती केंद्र म्हणतंय, गाडी पाठवतो आणि उचलून नेतो. पाठवू का?

मला असंच नेलं होतं, ग्रुप सापडायच्या दोन वर्षं आधी. पहाटे चार माणसं आली, खांदे धरले आणि गाडीत घातलं. नऊ दिवस डॉक्टर दिसला नाही, घरी फोन करू दिला नाही. तीन महिन्यांनी सुटलो आणि त्याच रात्री प्यायलो, घरच्यांवरच्या रागाने. घरच्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, ते थकले होते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेल्या मानसिक समस्याही येतात. साखळीने बांधायला त्या कायद्याने मनाई आहे आणि केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. दाखल करायची वेळ आलीच तर आधी स्वतः जाऊन बघा. नोंदणीचा कागद मागा, मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या दिवशी येतात ते विचारा, आधी राहून गेलेल्या एखाद्या माणसाशी बोला, भेटायला कधी देतात ते लिहून घ्या. आतलं बघू देत नसतील तर परत फिरा. चांगली केंद्रं आहेत. मुक्तांगण आहे. फादर जो परेरांनी १९८१ मध्ये वांद्र्याला सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे. आणि केंद्रातून बाहेर पडल्यावर कुठल्या ग्रुपला जायचं ते दाखल होतानाच ठरवा. घसरण बहुतेक बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होते.

मी बाई आहे. पुरुषांनी भरलेल्या खोलीत कशी जाऊ?

संकोच खरा आहे, आणि बायकांची बदनामी पुरुषांपेक्षा दसपट होते हेही खरं आहे. फोनवर "महिला सदस्याशी बोलायचंय" असं म्हणा, नंबर मिळेल. फक्त स्त्रियांच्या मिटिंगा मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन आहेत. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. पहिल्या वेळी बहिणीला घेऊन ओपन मिटिंगला या.

आमच्या तालुक्यात ग्रुपच नाही.

एएची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात झाली तेव्हा खोलीत दोनच माणसं होती, एक शेअर दलाल आणि एक सर्जन. दोघांना दारूपासून दूर राहायचं होतं आणि एकमेकांशी बोललं की त्या दिवसापुरती तल्लफ टळते हे त्यांच्या ध्यानात आलं. दोन माणसं जमली की मिटिंग होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ग्रुपला फोन करून तुमच्या बाजूचं कुणी येतं का ते विचारा. ऑनलाइन मिटिंगा लॉकडाऊनमध्ये वाढल्या आणि नंतरही चालू राहिल्या. परदेशातली आपली माणसंही त्यात येतात, फक्त तिकडची वेळ जुळवावी लागते. घरात बोलता येत नसेल तर शेताच्या बांधावर जाऊन कानाला हेडफोन लावणारे आमच्यात आहेत.

गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून आहे आणि डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचा सहभाग असलेलं 'मुक्तिपथ' अभियान तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराचं क्लिनिक चालवतं. त्या जिल्ह्यात असाल तर तिथे जा.

मी माळ घातलीय. मग ग्रुपची काय गरज?

माळेने सुटलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्यापैकी जे टिकले त्यांच्याभोवती दिंडी होती, हरिपाठाला रोज जमणारी मंडळी होती. तुमच्याभोवती ती असतील तर तोच तुमचा ग्रुप. पण माळ गळ्यात आणि माणूस एकटा, असं असेल तर मिटिंगला या, माळ घालूनच या. आमच्यात माळकरी आहेत.

याने खरंच फरक पडतो का?

२०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आणि १०,५६५ लोकांचा आढावा घेतला. डॉक्टर-समुपदेशकांनी नीट एएशी जोडून दिलेल्यांपैकी वर्षभराने पूर्ण कोरडे राहिलेले ४२ टक्के होते, इतर मानसोपचार घेतलेल्यांत ३५ टक्के. म्हणजे एएने सगळेच सुटत नाहीत, पण ज्यांना पूर्ण सोडायचीय त्यांना हाताशी असलेल्या उपायांपैकी हा एक चांगला उपाय आहे, आणि फुकट आहे. आपल्या देशात २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलाही उपचार मिळतो. मला तो आकडा झोपू देत नाही. आमच्या खोलीत वीस खुर्च्या असतात आणि रोज पाच-सहा रिकाम्या राहतात.

आठ महिने नीट होतो आणि परत प्यायलो. आता कुठल्या तोंडाने जाऊ?

त्याच तोंडाने. याला आमच्यात स्लिप म्हणतात आणि खोलीतल्या बहुतेकांची झालेली आहे. दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. पण त्या आठ महिन्यांत तुम्ही जे शिकलात ते गेलेलं नाही. स्पॉन्सर, म्हणजे ग्रुपमधला आपल्याला वाट दाखवणारा जुना माणूस, असेल तर त्याला आजच फोन करा. नसेल तर परत गेल्यावर पहिलं काम ते. ज्याचं ऐकताना आपलं वाटलं अशा जुन्या माणसाला विचारायचं, "माझे स्पॉन्सर व्हाल का?" पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला.

आमच्याकडे एक जण चौदा महिने गायब होता. परत आला त्या दिवशी त्याचा नेहमीचा कप कुणीतरी फडताळातून काढून, धुऊन, त्याच्यासमोर ठेवला. विषय तिथेच संपला.

आज पिऊनच आलो तर आत घेतील का?

घेतील. मागच्या रांगेत बसा, त्या दिवशी बोलू नका, ऐका. दंगा केला तर कुणीतरी हात धरून बाहेर नेईल, चहा पाजेल आणि उद्या यायला सांगेल. बाटली मात्र बाहेर ठेवा.

दार मिटिंगच्या पंधरा मिनिटं आधी उघडतं. चहाची किटली घेऊन येणारा माणूस सगळ्यात आधी पोचलेला असतो. त्याला सांगा, "मी पहिल्यांदाच आलोय."